झिरो माईल ते महाल: एका दिवसाच्या पायपिटीमागचा इतिहास

नागपूर पायी पाहायला एकटाच आलेला पाहुणा तासाभरात विचारतो, "अहो, टेकडी कुठे आहे?" सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, टेकडीचा गणपती असं सगळं त्याने वाचलेलं असतं. समोर मात्र उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब. प्रश्न रास्त आहे. टेकडी आहे, पण ती लष्कराच्या कुंपणाआड, आणि बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, बाजारात उभं राहिलं तर दुकानांच्या पाट्यांवरून तिच्या माथ्यावरची झाडं तेवढी दिसतात. त्यात आमची बोलीही अशी, की नागपूरकर "टेकडीवर जाऊन येतो" म्हणाला तर तो दर्शनाला निघालेला असतो, चढाला नव्हे.

भूगोलाचं थोडक्यात सांगायचं तर दख्खनच्या काळ्या कातळाची या भागातली कड नागपुरात येऊन थांबते. पश्चिमेला तो कातळ, पूर्वेला त्याहून फार जुना खडक. बर्डीची टेकडी म्हणजे त्या कडेवर उरलेला उंचवटा. शहर तिच्यावर वसलं नाही. 1702 च्या सुमारास देवगडच्या गोंड राजाने बारा खेडी जोडून नगर वसवलं ते नाग नदीच्या काठी, सपाटीला. तट, जुम्मा दरवाजा, जुम्मा तलाव ही त्याच घराण्याची पुण्याई. पुढे भोसले आले, महाल, म्हणजे त्यांचा वाडा आणि भोवतीची वस्ती, उभा राहिला. या सगळ्या काळात टेकडी शहराबाहेरच होती.

1817 मध्ये दोन दिवसांत तिचं मोल बदललं. ईस्ट इंडिया कंपनीची रेसिडेन्सी, म्हणजे तिच्या प्रतिनिधीचं ठाणं, टेकडीच्या पश्चिमेला होती, भोसल्यांची राजधानी पूर्वेला, आणि दोहोंत अंतर असेल दोन-अडीच किलोमीटरचं. पेशव्यांनी पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रं रेसिडेंटाचा विरोध डावलून अप्पासाहेब भोसल्यांनी 24 नोव्हेंबरला दरबारात स्वीकारली. कंपनीची पलटण तेलंगखेडीहून बर्डीला आली आणि टेकडीवर आधी पोचली. इथे खरं पारडं फिरलं असं मला वाटतं. 26 च्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. कंपनीची माणसं दीड हजाराच्या आत, भोसल्यांची त्याच्या दसपट तरी. 27 ला सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी शेजारची लहान टेकडी जिंकलीही होती. मग दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, घोडदळाने मुसंडी मारली आणि दुपारपर्यंत ती परत कंपनीकडे गेली. इंग्रजी कागदांत हा विश्वासघात ठरला. गादीवरच्या राजाने स्वतःच्या शहरातून परकी फौज हाकलायचा प्रयत्न करणं याला दुसरं नावही देता येतं. पण त्या कागदांवरच पुढची पुस्तकं लिहिली गेली.

यानंतर टेकडीवर किल्ला बांधला गेला. म्हणजे ज्याला आपण सीताबर्डीचा किल्ला म्हणतो त्यावर भोसल्यांचा झेंडा कधी लागलाच नाही. पाहुण्यांना हे सांगितलं की जरा निराशा होते. 1857 साली फाशी दिलेल्यांची म्हणून नऊ गज लांबीची एक कबरही तिथे दाखवतात. आज किल्ला लष्कराकडे आहे आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट या तीन दिवशी लोकांसाठी उघडतो. इतर दिवशी पायी फिरणाऱ्याने टेकडीच्या गणपतीपर्यंत जावं, तेवढाच चढ पायांच्या वाट्याला येतो.

आता झिरो माईल. पाहुण्याचा दिवस तिथूनच सुरू होतो, आणि गैरसमजही. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाऊन तो चालत येतो, खांबाबरोबर फोटो काढतो आणि घरी कळवतो, "मी भारताच्या मधोमध उभा आहे." हे त्याला पत्रकांनी, गाड्यावाल्यांनी आणि खरं म्हणजे आम्हीच शिकवलेलं असतं.

तिथे आहेत तीन वस्तू, आणि तिन्हींचा गुंता झाला आहे. एक वालुकाश्माचा खांब. त्यावर गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरली आहेत. शेजारी एक लहानसा दगड, सर्वेक्षण खात्याची प्रमाण उंचीखूण, 1907 ची. आणि चार घोडे, जे नंतर बसवले गेले आणि फोटोत सगळ्यात आधी येतात.

खांबावर काय लिहिलंय ते नीट वाचावं. हैदराबाद 318, चांदा 125, रायपूर 174, जबलपूर 170. मग सिवनी, छिंदवाडा, बैतुल, कवठा. मुंबई नाही, कलकत्ता नाही, दिल्ली नाही, मद्रास नाही. साऱ्या देशाच्या मध्यावर खांब रोवणारा माणूस छिंदवाड्याचं अंतर देऊन दिल्लीचं गाळेल का? 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. त्या राजधानीतून आसपासच्या गावांना जाणाऱ्या रस्त्यांचे मैल मोजायची जागा, इतकाच 'शून्य मैल'चा अर्थ. असं शून्य कुठल्याही शहराला असू शकतं.

लहान दगडाची गोष्ट निराळी. तिथे कोरलेला आकडा आहे 1020.171 फूट. दशांशचिन्हापुढे तीन आकडे! ही समुद्रसपाटीपासूनची उंची. 1858 ते 1909 या काळात देशभर तलमापनाचं, म्हणजे जागोजागची उंची मोजण्याचं, जाळं विणलं गेलं आणि त्याचा पाया होता कराचीपासून विशाखापट्टणमच्या पुढपर्यंतच्या 9 बंदरांवर मोजलेली समुद्राची सरासरी पातळी. तिथून पट्टी आणि दुर्बीण घेऊन माणसं टप्प्याटप्प्याने आत सरकत आली. समुद्र कधी न पाहिलेल्या गावाच्या छातीवर समुद्राचाच आकडा कोरलेला आहे, आणि आम्ही त्यावर देशाचा मध्य शोधतो.

'त्रिकोणमितीय सर्वेक्षण' हे नाव जोडलं गेल्याने घोळ आणखी वाढला. त्रिकोण जागा सांगतात, तलमापन उंची सांगतं, ही दोन वेगळी कामं. 1802 मध्ये मद्रासकडे त्रिकोणांचं ते काम सुरू करणारा अधिकारी 1823 च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. नागपूरशी त्याचा संबंध खराच, पण तो मेल्यावर 84 वर्षांनी बसलेल्या दगडाशी नाही.

"तो अखंड भारताचा मध्य होता, फाळणीने सरकला," हे शेवटचं उत्तर बर्डीच्या चहाटपरीवर हमखास मिळतं. 1907 साली ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानात होता, तो 1937 मध्ये वेगळा झाला. मध्य काढायचा तर तोही धरावा लागेल, मग काटा पूर्वेला सरकतो. आजच्या भारतासाठी तर मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदीचं नाव घेतात. तरी नागपूरकर ऐकत नाही, आणि त्यालाही कारण आहे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, तसेच जुने 6 आणि 7 क्रमांकांचे महामार्गही, ज्यांना आता 53 आणि 44 म्हणतात. 1867 मध्ये मुंबईची गाडी इथवर आली तेव्हापासून माल आणि माणसं इथूनच वळतात. मध्यावर असल्याची भावना रस्त्यांनी आणि रुळांनी दिली, दगडाने फक्त तिला फोटोची जागा दिली.

त्या खांबापासून थोडं चाललं की गोवारी स्मारक लागतं. 23 नोव्हेंबर 1994. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं बरीच. मोर्चे इथे येतात कारण अधिवेशन इथे होतं, आणि अधिवेशन इथे होतं कारण विदर्भाला महाराष्ट्राशी जोडण्यासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारातलं ते वचन. राजधानीपण गेलं, हिवाळ्यापुरती सही उरली. पत्रकांत चार घोडे असतात, हे स्मारक नसतं. बर्डीच्या उड्डाणपुलाला शहीद गोवारी यांचं नाव आहे, पण पुलावरून जाणारा वर मान करून पाटी वाचत नाही. मेट्रोच्या स्टेशनालाही नाव मिळालं ते झिरो माईलचं.

पुढचा पल्ला सोपा. रेल्वेच्या लोहापुलाखालून कॉटन मार्केट, तिथून जुम्मा तलाव, ज्याला आता गांधीसागर म्हणतात, मग जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचा गांधी गेट, आणि आत महाल. 1817 ला भोसल्यांची फौज ज्या बाजूने आली, नेमक्या उलट दिशेने ही वाट जाते. एका पाहुण्याला मी इथवर सोडलं तेव्हा तो म्हणाला, चढ-उतार काही जाणवलाच नाही. खरं आहे, नाग नदीसारखंच शहरही पूर्वेकडे उतरतं, पण इतकं हळू की पायांना कळत नाही. महालातून बर्डीला डबे घेऊन निघालेल्या सायकलवाल्याला कळतं. तो लोहापुलाच्या अलीकडे उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो.