गंभीर दमा
दम्याचे निदान पक्के असून, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत आणि त्याच्या जोडीला दुसरे नियंत्रक औषध नियमित व अचूक घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा ही मात्रा उतरवताच पुन्हा उसळतो, त्या दम्याला गंभीर दमा म्हणतात. ही व्याख्या रुग्णाला धाप किती लागते यावर नव्हे, तर दमा काबूत ठेवण्यासाठी किती औषध लागते यावर बेतलेली आहे. दम्याच्या एखाद्या झटक्यामुळे अतिदक्षता विभागात पोचलेल्या रुग्णाचा दमा एरवी सौम्य असू शकतो. मराठीत ‘तीव्र’ हा शब्द अचानक आलेला आणि जोराचा अशा दोन्ही अर्थांनी चालत असल्यामुळे या आजारासाठी ‘गंभीर’ हाच शब्द सोयीचा. आयुर्वेदातील चरकसंहितेने तमक श्वासाला, म्हणजे दम्याशी जुळणाऱ्या विकाराला, ‘याप्य’, म्हणजे उपचार चालू असेतो ताब्यात राहणारा, आणि नवा असेल तर साध्य म्हटले आहे. तिथेही प्रतवारीचा आधार उपचाराला मिळणारा प्रतिसाद हाच आहे.

युरोप व अमेरिकेतील श्वसनरोग संघटनांनी २०१४ मध्ये दिलेली व्याख्या आजही आधारभूत मानली जाते. तिच्यानुसार मागील वर्षभर वरील उपचार, किंवा वर्षातील निम्मे दिवस वा अधिक काळ पोटातून स्टेरॉइड, लागलेले असावे. दमा अनियंत्रित ठरण्यास पुढीलपैकी एक बाब पुरते: लक्षणांच्या प्रश्नावलीवरील नियंत्रण चाचणीत २५ पैकी २० पेक्षा कमी गुण, वर्षात स्टेरॉइड गोळ्यांचे दोन वा अधिक फेरे, एकदा तरी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, किंवा श्वासनलिका मोकळी करणारे औषध थांबवून केलेल्या फुंकचाचणीत पहिल्या सेकंदात सोडलेली हवा अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी भरणे. ‘मोठी मात्रा’ म्हणजे किती, यावर मात्र एकमत नाही. प्रौढांसाठी बुडेसोनाइड या श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची दैनिक मात्रा या संघटना १६०० मायक्रोग्रॅमपासून मोठी धरतात, तर जागतिक दमा उपक्रम, म्हणजे ‘जीना’, ८०० च्या वर गेली की. त्यामुळे एकच रुग्ण एका यादीत गंभीर ठरतो आणि दुसऱ्या यादीत ठरत नाही.

व्याख्येचा खरा कस लागतो तो ‘उपचारास अवघड दमा’, म्हणजे एवढे औषध लिहून देऊनही कोणत्याही कारणाने आटोक्यात नसलेला दमा, वेगळा काढताना. या मोठ्या गटातील बहुतेकांचा दमा औषधाला दाद देत नाही असे नसते. औषध फुप्फुसापर्यंत पोचतच नसते. तोंडावाटे फवारा मारायचा पंप आधी हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश ओढत दाबायचा आणि सुमारे दहा सेकंद दम धरायचा असतो. कॅप्सूलमधली पावडर मात्र जोरात ओढावी लागते. दोन्हींची अदलाबदल केली की औषध घशातच बसते. ‘पंपाची सवय लागते’ हा कोल्हापुरातही घरोघरी ऐकू येणारा समज, बरे वाटताच औषध बंद करणे आणि बिडी हीही नेहमीची कारणे. कोल्हापूर परिसरात भोवतालही तपासावा लागतो: गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणारा कामगार, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाळू आणि धूर अंगावर घेणारा, गगनबावडा-राधानगरीच्या पावसात भिंतींना बुरशी धरलेल्या घरात झोपणारा. सुट्टीच्या दिवसांत छाती मोकळी होत असेल, तर गंभीरतेचा शिक्का मारण्याआधी कामाची जागा पाहावी. चुलीच्या धुराने आलेला दीर्घकालीन अडथळा, क्षयाने मागे ठेवलेले व्रण आणि साठवलेल्या चिपाडावरील जंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा दाह हे दम्यासारखे भासणारे वेगळे आजार होत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ मधील सल्लागार बैठकीने तीन गट केले: उपचार न मिळालेला, उपचारास अवघड आणि उपचाराला न जुमानणारा. आपल्याकडच्या परिस्थितीला यातला पहिला गट अधिक लागू पडतो, पण औषधकेंद्री व्याख्येत त्याला जागाच नाही.

गंभीर दम्याचे पोटप्रकार आज श्वासनलिकेतील दाहावरून ठरवतात. ब्रिटिश डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांनी १९५८ मध्ये दाखवले, की थुंकीत इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असलेल्यांनाच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा गुण येतो. हा धागा पुढे बराच काळ मागे पडला. इओसिनोफिल घटवणारे मेपोलिझुमॅब दम्याच्या सरसकट रुग्णांना दिले तेव्हा निष्प्रभ वाटले. २००९ मध्ये या पेशी वाढलेल्यांतच चाचण्या घेतल्यावर झटके ठळकपणे घटले. औषध तेच होते, निवड बदलली. यातून ‘टाइप २’ दाहाचा गट ठरला: रक्तात मायक्रोलिटरमागे १५० वा अधिक इओसिनोफिल, उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड अब्ज भागांत २० भाग किंवा त्याहून जास्त, किंवा ॲलर्जीने चाळवणारा दमा. ओमालिझुमॅब, बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब ही जैविक औषधे (जिवंत पेशींत तयार केलेली प्रतिपिंडे) मुख्यत्वे याच गटासाठी आहेत. उरलेल्या गटाचे वर्णन अजून ‘टाइप २ नाही’ एवढ्यावरच थांबते.

रक्ताची ही मोजणी स्टेरॉइड गोळ्या सुरू करण्याआधी, किंवा त्या थांबवून एकदोन आठवडे झाल्यावर करावी आणि आकडा कमी आल्यास पुन्हा करावी. गोळ्या चालू असताना इओसिनोफिल रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात आणि रुग्ण चुकीच्या गटात पडतो. स्टेरॉइड मिसळलेली ‘दम्याची पुडी’ घेणाऱ्याला तर आपण स्टेरॉइडवर आहोत हेच ठाऊक नसते.