नळीतून मणके जोडताना हाड आणायचे कुठून?

मणके जोडायचे तर त्यांच्यामध्ये हाड भरावे लागते, आणि सर्वात भरवशाचे हाड रुग्णाच्याच कमरेतले, हे विसाव्या शतकात सर्वमान्य होते. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे घटक असतात आणि नव्या हाडाला धरून वाढायला सांगाडाही. त्रास होता तो दुसऱ्या जखमेचा. काहींची कंबर दोन वर्षांनीही दुखत असे.

२००० नंतर छोट्या छेदातून, नळीवाटे मणके जोडणे रुळले आणि अडचण वाढली. पाठीचे स्नायू वाचवायचे आणि हाडासाठी कमरेला वेगळा छेद घ्यायचा, हे कुणालाच पटेना. शस्त्रक्रियेत कापलेल्या मणक्याच्या सांध्याचे हाड हाताशी असे, पण ते थोडे. सगळी भिस्त दोन मणक्यांमधली गादी काढून झालेल्या पोकळीवर.

नेमक्या याच काळात, २००२ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकांनी बीएमपी-२ या हाड घडवणाऱ्या प्रथिनाला परवानगी दिली. हाडातच नवे हाड घडवणारा घटक असतो, याचा पुरावा १९६५ पासून होता. आता तो प्रयोगशाळेत बनवता येऊ लागला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या २७९ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी प्रथिनाच्या गटात ९४.५ टक्के, तर कमरेच्या हाडाच्या गटात ८८.७ टक्के रुग्णांचे मणके जुळले होते. पण परवानगी होती पोटाकडून केलेल्या, ठरावीक केजच्या (गादीच्या जागी बसवायच्या पिंजऱ्याच्या) शस्त्रक्रियेपुरती. नळीची शस्त्रक्रिया बहुधा पाठीकडून होते आणि तिथे नस अगदी शेजारी असते. तरीही प्रथिन तिकडे सर्रास वापरले गेले. मग नसेचा दाह, नको तिथे वाढलेले हाड, केजभोवती विरघळलेले हाड अशा तक्रारी येऊ लागल्या. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर सूज येऊन श्वास कोंडल्याने २००८ मध्ये नियामकांना इशारा द्यावा लागला.

खरा धक्का २०११ चा. उत्पादकाच्या पैशावर झालेल्या १३ अभ्यासांत, ७८० रुग्णांत, प्रथिनामुळे एकही दुष्परिणाम नोंदलेला नव्हता; फेरतपासणीत प्रत्यक्ष प्रमाण त्या अभ्यासांतल्या अंदाजाच्या १० ते ५० पट असल्याचे दिसले. २०१३ मध्ये मूळ माहिती तपासणाऱ्या दोन स्वतंत्र गटांना रुग्णाच्या दुखण्यात फारसा फरक आढळला नाही. प्रथिन हाड घडवते, यात शंका नाही. दडवलेली माहिती मात्र अक्षम्य आहे.

प्रथिनाशिवाय दात्याचे हाड, सिरॅमिकचे दाणे आणि जिवंत पेशी राखलेले दात्याचे हाड हे पर्यायही होते. यातल्या शेवटच्या प्रकारातून २०२१ मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णांना क्षयाची लागण झाली. आज नळीच्या शस्त्रक्रियेत बहुतेकदा सांध्याचे हाड आणि यांपैकी एखादे पूरक मिसळून भरतात, आणि मणके जुळले का, हे सीटी स्कॅनवर पाहतात.