साताऱ्याची गादी, पुण्याचा कारभार: पार्श्वभूमी

छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे गेली कशी, हा विषय निघाला की चर्चा लगेच जातीवर नाहीतर कटकारस्थानावर घसरते. दोन्ही गोष्टी नव्हत्याच असे कोणी म्हणणार नाही. पण आधी हिशेब पाहावा, कारण सत्ता सरकली ती मुख्यतः वसुलीच्या वाटेने.

सुरुवात पेशव्यांच्या आधीची आहे. शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता. सरदारांना पिढीजात मुलूख तोडून देणे त्यांना मान्य नव्हते. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. खजिन्यात खडखडाट. मग सरदार टिकावेत, मोगलांकडचे फुटून यावेत, म्हणून वतने (वंशपरंपरेचे हक्क) आणि सरंजाम (फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख) देणे सुरू झाले. पुष्कळदा तर शत्रूच्याच ताब्यातल्या मुलखाचे. राज्य तगले ते या व्यवहारामुळे. पण ज्याने स्वतःच्या बळावर मुलूख मारला, त्याची फौज राजाची कशी म्हणायची?

१७०७ मध्ये औरंगजेब वारला, संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राजारामांच्या विधवा ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळले म्हणून साताऱ्याची गादी मिळाली. तरीही कोकणातले आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे ताराबाईंच्याच बाजूला होते. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले, तेव्हा १७१३ मध्ये पेशवेपद बाळाजी विश्वनाथांना मिळाले. बाळाजींनी लढाई न करता बोलणी केली. आंग्र्यांचे किल्ले आणि सरखेलपद (आरमाराचे प्रमुखपद) कायम राहिले, त्यांनी शाहूंना मानले, पिंगळे सुटले. राजाला नमवता येत नाही अशा सरदाराशी जुळवून आणणारा माणूस, ही पेशव्याची ओळख इथून पक्की झाली.

१७१९ मध्ये बाळाजींनी दिल्लीहून, मोगल बादशहाकडून, दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा आणल्या. सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचे आणखी दहा टक्के, राजाची. चौथाईची वाटणी मात्र पाहण्यासारखी आहे: शंभरातले २५ राजबाबती, म्हणजे राजाचे, ६ सहोत्रा सचिवाला, ३ नाडगौडा राजाच्या मर्जीप्रमाणे द्यायला, आणि उरलेले ६६ मोकासा म्हणून सरदारांना. म्हणजे चौथाईची दोन तृतीयांश वसुली साताऱ्याचे तोंडही पाहत नसे. शिवाय एकेका प्रांतातले हक्क वेगवेगळ्या लोकांत वाटलेले, त्यामुळे हिशेब जुळवायला कारकून लागत, आणि ते कारकून हळूहळू पुण्यात जमले.

१७३१ मध्ये गुजरातेत डभईला बाळाजींचे पुत्र पेशवे बाजीराव यांच्याशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. राजाचा प्रधान राजाच्याच सेनापतीवर चालून जातो आणि राजा दोघांची समजूत काढण्यापलीकडे फारसे करू शकत नाही! तरी शाहूंना निव्वळ नामधारी म्हणणे मला पटत नाही. बंगालवरून नागपूरचे रघूजी भोसले आणि बाजीरावांचे पुत्र पेशवे नानासाहेब भिडले, तेव्हा दोघांच्या हद्दी शाहूंनीच ठरवून दिल्या आणि दोघांनी त्या मानल्या.

ही पत शाहूंची स्वतःची होती. ती गादीबरोबर वारसाला मिळण्यासारखी नव्हती. १५ डिसेंबर १७४९ ला ते वारले. ताराबाईंनी नातू म्हणून पुढे केलेले रामराजे गादीवर आले. १७५० मध्ये सांगोल्याला कारभार पेशव्यांकडे सोपवण्याचा करार झाला. ताराबाईंनी चिडून रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवले आणि पुढे जेजुरीला शपथेवर सांगितले, की हा आपला नातूच नव्हे. पेशव्यांनी रामराजांना छत्रपती म्हणून कायम ठेवले खरे, पण सत्तेत परत आणले नाही. त्यांना तेच सोयीचे होते.

छत्रपतींचे नाव मात्र कधी पुसले नाही. माधवराव पेशव्यांच्या शिक्क्यात ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान’ हेच शब्द आधी येतात. सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. त्यांच्यासाठीही प्रधानकीची वस्त्रे साताऱ्याहूनच आली. तोवर प्रत्यक्ष कारभार कारभाऱ्यांच्या हाती गेला होता, म्हणजे पेशव्यांची गतही छत्रपतींसारखीच होऊ लागली होती.

या नावाची किंमत इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने बरोबर ओळखली. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्याने जाहीरनामा काढला: पेशवाई बुडवली जाईल, छत्रपतींना राज्य मिळेल. प्रतापसिंह गादीवर बसले, पण १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडले गेले. त्यांचे भाऊ शहाजी १८४८ मध्ये वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून कंपनीने सातारा खालसा केला.