आधी तुमचा ‘सा’ सांगा: स्वरसप्तकं शिकवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरची माहिती

हे सॉफ्टवेअर पेटी, बासरी, गिटार आणि व्हायोलिन या चार वाद्यांसाठी आहे. कोणतंही सप्तक, म्हणजे इथे स्वरांचा संच, निवडलं की त्यातले स्वर तुमच्या वाद्यावर नेमके कुठे आहेत ते पडद्यावर दिसतं. तुम्ही वाजवलं की लागलेला स्वर बरोबर आहे, चढा आहे की उतरलेला, तेही कळतं. एकदा कॉम्प्युटरवर घातलं की इंटरनेट लागत नाही. वाडीत रेंज नसली तरी सराव थांबत नाही.

उघडल्यावर पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा, येतो. तो घाईने पुढे ढकलू नका, कारण पुढचं सगळं त्यावर बसलेलं आहे. काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) निवडलीत तर मध्य सप्तकातला सा २७७.१८ हर्ट्झला धरला जातो, पांढरी एकला २६१.६३. भजन मंडळात बुवा ज्या पट्टीत गातात तीच निवडा. घरी एका पट्टीत सराव आणि चतुर्थीच्या भजनाला दुसरीच पट्टी, असं झालं की स्वर पाठ असूनही बोटं अडखळतात.

जुनी पेटी आजच्या मापाला तंतोतंत जुळलेली असेलच असं नाही. म्हणून ‘पेटी मोजा’ हे बटण आधी दाबा आणि काळी एक पाच सेकंद एकाच दाबाने धरा. भाता जोरात मारला की सूर किंचित हलतो आणि मोजणी चुकते. फरक दिसला तर सॉफ्टवेअर तुमच्या पेटीलाच प्रमाण धरतं. मोजताना एकच स्टॉप (पुढची ओढायची खुंटी) उघडा आणि कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही पट्टी दाबणारी सोय) बंद ठेवा. खर्ज आणि नर (पेटीतल्या खालच्या आणि वरच्या सुरांच्या रांगा) एकत्र वाजले की पडद्यावरचा काटा वरच्या आणि खालच्या सप्तकात उड्या मारतो. ते सॉफ्टवेअर बिघडल्याचं लक्षण नाही, त्याला खरोखरच दोन सूर ऐकू येत असतात. माइक पट्ट्यांच्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. भात्याच्या बाजूला ठेवलात तर वाराच ऐकू येईल. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर मोजणी नंतर करा.

आता ज्यासाठी हे सॉफ्टवेअर मुख्यतः बनवलं ते. ‘सा हलवा’ या पानावर जा आणि पेटीच्या फक्त पाच काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा धरला तर भूप रागाचे स्वर मिळतात: सा रे ग प ध. पट्ट्या त्याच ठेवून काळी चारला सा धरा, मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतील. काळी पाचला धरा, मालकंसाचे. काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. पाच पट्ट्या, पाच वेगळी सप्तकं. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. मात्र प्रत्येक वेळी तानपुरा नव्या सा वर लावायलाच हवा. तो जुन्याच सा वर राहिला तर कानाला भूपच ऐकू येत राहतो आणि ‘काही बदललं नाही’ असं वाटतं.

सप्तक म्हणजे राग नव्हे, हेही इथेच सांगतो. भूप आणि देसकार यांचे स्वर एकच, पण भूपात गंधाराला मान आणि देसकारात धैवताला. सॉफ्टवेअर स्वरांची जागा दाखवेल, चलन, म्हणजे रागात ते स्वर कसे फिरतात ते, गुरुजींकडूनच घ्या. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांचे दहा थाट (रागांच्या वर्गीकरणासाठीच्या सात स्वरांच्या चौकटी) पहिल्या पानावर आहेत. नवशिक्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, काफी या क्रमाने जावं, कारण दर वेळी बिलावलातले एक-दोन स्वरच बदलतात.

बासरीवाल्यांची एक अडचण नेहमीची. काही कारागीर तीन भोकं बंद करून येणाऱ्या स्वरावरून बासरीची पट्टी लिहितात, काही सहाही बंद करून येणाऱ्या स्वरावरून. त्यामुळे बासरीवरच्या अक्षरावर विसंबू नका. फुंकेकडची तीन भोकं बंद करून फुंका, सॉफ्टवेअर सा ची पट्टी सांगेल. सहाही बंद म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध मध्यम पहिलं भोक अर्धं झाकूनच येतो. पडद्यावर सारखा तीव्र मध्यम दिसत असेल तर बोट पूर्ण उचललं जातंय. बासरी तापली की सूर चढतो, म्हणून दोन-चार मिनिटं फुंकल्यावरच मोजा.

गिटारवर काळी एकचा सा पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो. त्याच तारेवर बिलावल ४, ६, ८, ९, ११, १३, १५, १६ या फ्रेटांवर. पट्टी एक पूर्ण स्वर (काळी एकवरून काळी दोन) चढवली की सगळे आकडे दोनने वाढतात. व्हायोलिनला फ्रेट नसल्यामुळे तिथे पडद्यावरच्या खुणा फक्त अंदाजाला, खरं काम कानाचं.

‘पेटीचा ग चढा का दाखवतो?’ असं बरेच जण विचारतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर (एका सप्तकाचे १२०० सेंट) असतो, पेटीचा ४०० वर. हे १४ सेंट पेटीत सप्तकाची बारा सारख्या भागांत वाटणी केल्यामुळे आलेले आहेत, पेटी बिघडलेली नाही. सेटिंगमध्ये ‘पेटीचे स्वर’ निवडा म्हणजे काटा मध्ये येईल. गाणाऱ्यांनी ‘तानपुऱ्याचे स्वर’ ठेवावेत. काटा जुळवायला कृपा करून सुरांवर (पेटीतल्या आवाज देणाऱ्या पितळी जिभांवर) कानस चालवू नका. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकली आणि सूर लागूनच राहिला, तर सॉफ्टवेअर तोच एक स्वर दाखवत बसेल. आधी पेटी दुरुस्त करून घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये तानपुऱ्याचा आवाज उशिरा पोचतो, वायरचा वापरा.