पार्श्वभूमी : अचानक गेलेला कान ‘सुधारला’ असं कधी म्हणायचं?

पुण्यात विसर्जनानंतर कुणाच्या एका कानाला दडा बसला की दोष ढोल-ताशावर जातो, एरवी सर्दीवर नाहीतर मळावर. तेल घालून आठवडा निघतो. आवाजाच्या माऱ्याची गोष्ट वेगळी. इथे विषय आहे तो बहुतेकदा कारण न सापडता, तीन दिवसांच्या आत गेलेल्या कानाचा.

१९४४ मधल्या वर्णनापासून हा आजार ओळखीचा आहे. मोजमापाचा वाद मात्र सत्तरच्या दशकातला. १९७५ साली चार पायऱ्या ठरल्या: अंतिम पातळी (कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज; आकडा जितका कमी, तितकं ऐकणं चांगलं) २५ डेसिबलच्या आत आली तर ‘पूर्ण’, १५ हून जास्त फरक पडून २५ ते ४५ मध्ये थांबली तर ‘अंशतः’, फरक पडूनही ४५ च्या पलीकडे राहिली तर ‘किंचित’, बाकी शून्य. वापरायला सोपी पद्धत, पण कान आधी कसा होता हे ती विचारतच नाही. समजा, तिशीतल्या बाईचा डावा कान ६० वरून २४ वर आला. कागदावर ‘पूर्ण’. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, उजव्या कानाचे लाल गोल ५ पाशी आणि डाव्याच्या निळ्या फुल्या बऱ्याच खाली. लक्ष्मी रोडच्या गर्दीत हाक कुठून आली, हे तिला कळत नाही. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत फूटपट्टी आहे ती चांगल्या कानाची: त्याच्या १० डेसिबलच्या आत यायला हवं, शब्दही जवळपास तितकेच ओळखता यायला हवेत. या हिशेबानं ती ‘अंशतः’. मला हेच प्रामाणिक वाटतं.

व्याख्या बदलली की टक्केवारीही हलते. १९७७ च्या अभ्यासात, उपचार कोणताही असो, सुमारे ६५ टक्के कान कामापुरते सुधारले. १९८० च्या चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के, स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के. रुग्ण अवघे ६७, तरी स्टेरॉइड देण्याची प्रथा मुख्यतः त्यावरच रुजली.

अंदाज बांधताना घट किती खोल, सोबत चक्कर आहे का, आलेख कोणत्या बाजूला उतरतो आणि वय किती, हे बघतात. फक्त खालचे सूर गेले असतील तर आशा जास्त. लवकर आलेले जास्त सुधारतात हे खरं, पण त्यांच्यात आपोआप बरे होणारेही असतात. उशिरा येतात ते बहुधा तोवर न सुधारलेलेच, त्यामुळे सगळं श्रेय लवकरच्या उपचाराला देता येत नाही. उपचार संपल्यावर एकदा आणि पुढच्या सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा श्रवणचाचणी करायला सांगतात. ही दुसरी चाचणी चुकली, तर शेवटी कान कुठे येऊन थांबला हे फाइलमध्ये येतच नाही.