झोंबणारा वास आणि वर चढणारा पीएच

हॉट टबचं, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या गरम पाण्याच्या टबाचं, झाकण उघडल्यावर नाकात झोंबणारा वास आला, की बहुतेकांना वाटतं, क्लोरीन भरपूर आहे, म्हणजे पाणी स्वच्छ. खरं तर नेमकं उलट असतं. तो वास क्लोरामाइन्सचा. घाम आणि लघवीतल्या अमोनिया-युरियाशी क्लोरीनचा संयोग होऊन ही संयुगं तयार होतात. जंतू मारायला टाकलेलं क्लोरीन भलत्याच कामी खर्ची पडलं आणि पाण्याला आणखी हवंय, असा त्या वासाचा अर्थ.

याकडे दुर्लक्ष किती महागात पडतं, ते १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या बोव्हनकार्स्पेल गावातल्या पुष्पप्रदर्शनात दिसलं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या टबातल्या तुषारांवाटे लीजनेला हे जिवाणू पसरले आणि ३० हून अधिक माणसं दगावली. पाण्यात उतरायचीही गरज पडली नाही, आसपास श्वास घेतला एवढंच. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हे जिवाणू वाढतात आणि आपण टब ठेवतो ३७ ते ४० अंशांवर.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन (आयन म्हणजे विद्युतभारित कण). आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो. आयन ऋणभारित आणि जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणून आयन बाहेरच अडतो. मारक ताकद मुख्यतः आम्लाची. दोघांचं प्रमाण ठरवतो पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप: आकडा जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. ७ ला सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन आम्लरूपात असतं, ७.५ च्या आसपास निम्मं, ८ ला जेमतेम पाव. चाचणीपट्टी मात्र दोघांची बेरीज दाखवते. पट्टीचा रंग ३ पीपीएमशी (दहा लाख भागांत ३ भाग) तंतोतंत जुळतो, आपण निर्धास्त होतो आणि पीएच ८ असेल तर त्यातला पाऊणएक पीपीएमच कामाचा असतो.

आणि टबात पीएच आपणहून चढतो, तोही ज्यासाठी टब घेतला त्या बुडबुड्यांमुळेच! पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं थोडं कार्बोनिक आम्ल झालेलं असतं. जेट सुरू केले की हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा हा वायू निसटतो. तो गेला की समतोल सरकतो, पाण्यातलं बायकार्बोनेट आम्लता आणणाऱ्या हायड्रोजन आयनांना उचलून पुन्हा वायू बनवतं, हायड्रोजन आयन घटतात, पीएच वाढतो. बायकार्बोनेटचा साठा, म्हणजे अल्कलिनिटी, जितका मोठा तितका वायूचा पुरवठाही लांबतो. म्हणून पीएच सारखाच चढत असेल, तर अल्कलिनिटी थोडी उतरवावी लागते. पीएच खाली आणायला सोडियम बायसल्फेट वापरतात. ते आणि क्लोरीन कधीही एका बादलीत कालवू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाइपवर चुंबक बसवून पाणी 'ऊर्जित' करणारी, 'केमिकल-फ्री' म्हणवणारी यंत्रं जोरात विकली जातात. त्यांच्या भरवशावर क्लोरीन बंद करणं धोक्याचं आहे. पाणी नितळ दिसतं म्हणून ते निर्जंतुक ठरत नाही.

ही सगळी रसायनं बरोबर ठेवूनही पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रवात दडून बसतात आणि क्लोरीन वरच्या थरातच संपून जातं. त्यामुळे टब रिकामा करण्यापूर्वी पाइप साफ करायचं द्रावण घालून जेट चालवावेत. निघणारा तपकिरी फेस पाहिलात, की नुसतं पाणी बदलून का भागत नाही ते कळेल. मग सगळं पाणी काढून टाकायचं, भिंती पुसायच्या, फिल्टर धुवायचा आणि नवं पाणी भरायचं. सुमारे १५०० लिटरचा टब रोज दोघं वापरत असतील, तर हे साधारण दर दोन महिन्यांनी. घरी पाहुणे आले, तर त्याआधीच.