रोजच्या वस्तूंमधलं हुशार डिझाईन

रोज हातात येणारी वस्तू अशी बनवायची की ती वापरायला कुणी शिकवावं लागत नाही, घाईत चूक झालीच तर माणसाला इजा होत नाही, आणि वर ती बघायला-धरायलाही छान वाटते, याला हुशार वस्तू-डिझाईन म्हणतात. कॉलेजात याला प्रॉडक्ट डिझाईन किंवा इंडस्ट्रियल डिझाईन म्हणतात. डिझाईन म्हटलं की बहुतेकांना महागडा फोन नाहीतर परदेशी खुर्ची आठवते, पण या विषयातली सगळ्यात भारी उदाहरणं आपल्या ओट्यावर आणि सुताराच्या पिशवीत पडलेली असतात, आणि नाशिककरांना तर गोदाघाटापासून द्राक्षबागेपर्यंत कुठेही बघायला मिळतात.

सुरुवात तांब्यापासूनच करायला हवी. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारच्या सांगण्यावरून देशभर फिरून एक अहवाल लिहिला, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. तो हातात कसा बसतो, कमरेवर-डोक्यावर कसा तोलला जातो, भरलेला आणि रिकामा असताना त्याचं वजन कसं वाटतं, उन्हात हाताला कसा लागतो, ओतताना धार कशी पडते, असा सगळा विचार त्यांनी मांडला, आणि हे कुणा एका माणसाचं काम नाही तर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मिळून घडवलेलं आहे हेही. याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था म्हणजे एनआयडी उभी राहिली, आणि १९६९ मध्ये मुंबईत आयआयटीतलं डिझाईन शिकवणारं केंद्र म्हणजे आयडीसी सुरू झालं.

नाशकात भांडी बाजारात तांब्या घेताना जुन्या बायका काय करतात ते बघा. आधी बोटं गळ्याखाली अडकवून तो उचलायचा, मग ओतल्यासारखा तिरका करायचा, मग खाली ठेवून काठाला हलकाच धक्का द्यायचा की डुगडुगतोय का. ही अख्खी डिझाईनची टेस्टच आहे. गळा निमुळता म्हणून बोटं निसटत नाहीत आणि चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही, पोट मोठं आणि भार खाली म्हणून तो सहज कलंडत नाही, आणि काठ बाहेर वळलेला म्हणून धार सुटी पडते, अंगावरून ओघळत नाही. तांबट आळी हे नावच ज्या भांडी घडवणाऱ्या तांबट कारागिरांवरून पडलं त्यांचं मठारकाम म्हणजे तर कमालच आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके बसले की तो कडक होतो, त्यामुळे पातळ पत्र्याचं भांडंसुद्धा पटकन चेपत नाही, आणि त्याच ठोक्यांच्या खळ्यांवर उजेड पडून भांडं चमचम करतं. मजबुती आणि देखणेपणा एकाच ठोक्यात येतो, वेगळी नक्षी करायला लागत नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं याहून चांगलं उदाहरण नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे चूक होऊच न देणं. आतल्या झाकणाचा प्रेशर कुकर घ्या. त्याचं तोंड किंचित लंबगोल असतं, झाकण तिरकं करून आत घालायचं आणि आतून वर ओढून दांडीला अडकवायचं. आता आत वाफ कोंडली की ती झाकणाला खालून वर, काठावर दाबते, म्हणजे प्रेशर जितकं जास्त तितकं झाकण घट्ट. वाफ उतरेपर्यंत ते खाली येतच नाही, तुम्ही कितीही घाईत असा. साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर जादा दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं म्हणून तूरडाळ इतक्या लवकर शिजते, आणि शिट्टीचं भोक चोंदलंच तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळून वाफेला वाट करून देतो. यातली मूळ कल्पना जुनी आहे, डेनिस पापाँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये असं वाफेचं भांडं केलं होतं आणि पुढे त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही बसवला. पण रोज सकाळी डब्याच्या गडबडीत लाखो घरांत ज्याने हात भाजू दिले नाहीत तो झाकणाचा आकार मला जास्त मोठा वाटतो.

थ्री-पिन प्लगमध्येही हेच आहे. वरची जाड पिन जाणूनबुजून लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं, शिवाय चांगल्या सॉकेटमध्ये त्याच पिनेने आतलं शटर उघडतं, त्यामुळे लहान मुलाने खालच्या भोकात काही खुपसलं तरी ते आत जात नाही. पेनाच्या टोपणाच्या टोकाला भोक असतं ते पोराने टोपण गिळलं तर श्वास चालू राहावा म्हणून, त्यासाठी आयएसओ ११५४० हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे.

सुताराच्या मेजर टेपचं टोक ढिलं का असतं हे विचारणारे खूप जण भेटतात, आणि दुकानात टेप खराब आहे म्हणून परत देणारेही. ती पत्र्याची आकडी तिच्या स्वतःच्या जाडीइतकीच पुढे-मागे सरकते. बाहेरून फळीच्या कडेला अडकवली की ती पुढे ओढली जाते आणि माप आकडीच्या आतल्या बाजूपासून सुरू होतं, कपाटाच्या आत टेकवून मोजलं की ती मागे सरकते आणि माप बाहेरच्या बाजूपासून सुरू होतं, म्हणजे दोन्ही वेळा माप बरोबर. आपण ज्याला दोष समजतो तीच त्यातली हुशारी.

नाशिकच्या बागांमध्ये द्राक्षाचे मणी ज्वारी-हरभऱ्याएवढे असताना विरळणी करतात, घडातले दाटीचे मणी कात्रीने छाटून टाकायचे म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. ही कात्री छोटी, टोकाला निमुळती, म्हणजे घडात शिरते पण शेजारच्या मण्याला लागत नाही, आणि दोन्ही दांड्यांच्या मध्ये स्प्रिंग, त्यामुळे फक्त दाबायची, उघडते आपली आपण. दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या बाईचा त्या स्प्रिंगमुळे केवढा त्रास वाचतो हे बागेत दोन तास उभं राहिलं की कळतं. सॅम फार्बर या अमेरिकन उद्योजकाने १९९० मध्ये ऑक्सो नावाने जाड रबरी मुठीचे, साल काढायचे पीलर बाजारात आणले ते बायकोच्या सांधेदुखीमुळे, आणि मग ते सगळ्यांनाच आवडले. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याच्यासाठी वस्तू केली की ती बाकीच्यांनाही सोपी पडते, विळीचंही तसंच आहे बघा, पात्याला पाटाचा आणि पायाचा आधार म्हणून दोन्ही हात भोपळा धरायला मोकळे.

नाशिकला गोदावरीत रामकुंडाजवळ उभा असलेला दुतोंड्या मारुती ही काही वस्तू म्हणून बनवलेली नाही, ते देवस्थान आहे, पण पुराच्या दिवसांत तोच अख्ख्या शहराचा मापक होतो. पायाला पाणी लागलं, कमरेपर्यंत आलं, गळ्याशी आलं, एवढं ऐकलं की घाटावरच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा ते कळतं, सेंटिमीटर आणि क्युसेक समजून घ्यायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मारुती बुडाल्याची बातमी आली तेव्हा पूर किती मोठा आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. काचेची चार बर्नरची शेगडी दिसते सुंदर, पण बर्नर चौकोनात आणि नॉब एका ओळीत, त्यामुळे कुठला नॉब कुठल्या बर्नरचा हे दरवेळी आठवावं लागतं. आमच्या आईने शेवटी नेलपॉलिशचे रंगीत ठिपके दिलेत, नॉबला एक आणि त्याच्या बर्नरशेजारी काचेवर तसाच एक. जे काम कारखान्यात व्हायला हवं होतं ते तिने दहा मिनिटांत केलं. टच पॅनलचंही तेच, ओल्या किंवा पिठाच्या हाताने ते धड चालत नाही आणि स्वयंपाकघरात हात कोरडे असतात कधी? १९९६ चा यूएसबी प्लग एकाच बाजूने बसायचा, २०१४ च्या टाईप-सी मध्ये दोन्ही बाजू चालायला लागल्या, म्हणजे अशा चुका सुधारता येतात, फक्त वेळ लागतो.

दुरुस्ती हाही डिझाईनचाच भाग आहे आणि हल्ली तोच सगळ्यात जास्त विसरला जातोय. कुकरची रिंग, शिट्टी, हँडल, दांडीचा स्क्रू, सगळं सुटं मिळतं म्हणून एकच कुकर वीस-वीस वर्षं चालतो. याउलट बऱ्याच गॅजेटमध्ये बॅटरी चिकटवून टाकलेली असते, ती गेली की वस्तूच गेली. फ्रान्सने २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे १० पैकी गुण छापणं सक्तीचं केलं, त्यात वस्तू उघडायला किती सोपी आहे आणि सुटे भाग किती काळ आणि काय भावात मिळतील हे मोजलं जातं.